म्हातारपणाचा हिशेब मांडणारे शास्त्रज्ञ : जे. बी. एस. हॉल्डेन



आपल्या मुरबाड तालुक्यात पौष पौर्णिमेला म्हसाची यात्रा भरते. तेथील बैलबाजारात जाणता शेतकरी बैलाची किंमत विचारण्याआधी त्याचा जबडा उघडून पाहतो. बैल दोन दाती आहे, चार दाती आहे की दात झिजले आहेत, यावरून तो त्याचे वय ओळखतो. बैलाचे वय लपत नाही. ते दातांवर, खुरांवर, कातडीवर लिहिलेलेच असते. माणसाचेही तसेच आहे. चाळिशी आली की वर्तमानपत्र हात लांब करून वाचावे लागते. साठीला गुडघे कुरकुरू लागतात. सत्तरीला मोतीबिंदू पिकतो.

हे असे का व्हावे, असा प्रश्न आपल्यापैकी किती जणांनी स्वतःस विचारला आहे? आपण म्हणतो, वापरली की वस्तू झिजणारच. बैलगाडीच्या चाकाची धाव झिजते, नांगराचा फाळ झिजतो. पण थोडा विचार करा. फाळ स्वतःला दुरुस्त करू शकत नाही. शरीर मात्र करू शकते. पडून खरचटले तर नवी कातडी येते, मोडलेले हाड सांधते. एका डोळ्याला न दिसणाऱ्या पेशीपासून नऊ महिन्यांत संपूर्ण बालक घडविणाऱ्या निसर्गाला, घडविलेले शरीर नुसते सांभाळून ठेवणे का जमू नये? घर बांधण्यापेक्षा त्याची डागडुजी तर सोपी!

या कोड्याची पहिली किल्ली ज्यांच्या लेखनात सापडते, त्या थोर शास्त्रज्ञाचा परिचय प्रस्तुत लेखात करून द्यावयाचा आहे. त्यांचे नाव जॉन बर्डन सँडर्सन हॉल्डेन. जन्माने ते इंग्रज होते. पण वयाच्या चौसष्टाव्या वर्षी ते आपल्या देशात राहावयास आले, भारताचे नागरिक झाले आणि भारताच्या मातीतच त्यांनी शेवटचा श्वास घेतला.

हॉल्डेन यांचा जन्म ५ नोव्हेंबर १८९२ रोजी ऑक्सफर्ड येथे झाला. वडील जॉन स्कॉट हॉल्डेन हे श्वसनक्रियेचे नामवंत अभ्यासक होते. कोळशाच्या खाणीत कोणता वायू माणसास कसा मारतो, याचा शोध घेण्यासाठी ते स्वतः खाणीत उतरत आणि लहानग्या मुलालाही बरोबर नेत. एकदा खाणीच्या एका अरुंद भागात त्यांनी मुलाला उभे राहून नाटकातील एक लांबलचक भाषण म्हणावयास सांगितले. थोड्याच वेळात मुलाला धाप लागली, पाय लटपटले आणि तो खाली कोसळला. जमिनीवर पडताच त्याचा श्वास पुन्हा सुरळीत झाला. मिथेन वायू हवेपेक्षा हलका असतो व तो छताशी साचतो, हा धडा त्या मुलाला कोणत्याही पुस्तकाची गरज न लागता कायमचा पाठ झाला. पालकहो, मुलाला धोक्यात घालावे असे मी म्हणत नाही. पण प्रश्नाचे उत्तर तोंडी सांगण्याऐवजी ते मुलाला अनुभवास आणून देणारे वडील लाभणे, हे केवढे भाग्य!

पुढची गोष्ट आमच्या विद्यार्थ्यांना नवल वाटावे अशी आहे. जीवशास्त्रात एवढे नाव मिळविणाऱ्या या माणसाजवळ विज्ञानाची पदवी नव्हती. ऑक्सफर्डला त्यांनी गणित घेतले आणि नंतर ग्रीक-लॅटिन भाषा व तत्त्वज्ञान यांत पदवी मिळविली. विज्ञान ते घरी, वडिलांच्या प्रयोगशाळेत शिकले. बहीण नेओमी हिच्यासोबत त्यांनी उंदीर व गिनीपिग पाळून त्यांच्या पिल्लांत आईबापांचे कोणते गुण उतरतात याच्या नोंदी ठेवल्या. त्यावरचा शोधनिबंध १९१५ साली प्रसिद्ध झाला, तेव्हा हॉल्डेन पहिल्या महायुद्धाच्या आघाडीवर होते आणि त्या कामातील त्यांचा एक सहकारी युद्धात मारला गेला होता. पुढे मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकात, ते जखमी झाले व उपचारांसाठी हिंदुस्थानात आले. देश त्यांना आवडला. मात्र राज्यकर्ता गोरा अधिकारी म्हणून येथील माणसांपासून दूर राहणे त्यांना रुचले नाही. बरोबरीच्या नात्याने वागता येईल तेव्हाच येथे परत यावयाचे, हे त्यांनी मनाशी ठरविले आणि चाळीस वर्षांनी ते खरे करून दाखविले.

युद्धानंतर १९२३ साली ते केंब्रिज विद्यापीठात रुजू झाले. तेथे त्यांनी जे काम केले त्यामुळे त्यांचे नाव अजरामर झाले. डार्विनने १८५९ साली नैसर्गिक निवडीचा सिद्धांत मांडला होता. तो आपल्या खळ्यातल्या उदाहरणाने समजून घेऊ. भात झोडपल्यावर आपण ते सुपात घालून वाऱ्यावर धरतो. पोचट दाणे उडून जातात, भरीव दाणे खाली राहतात. निसर्गही असाच सतत पाखडत असतो. जो जीव आपल्या परिस्थितीत तग धरतो व अधिक पिल्ले मागे ठेवतो, त्याचे गुण पुढच्या पिढीत जास्त दिसतात. जो लवकर मरतो त्याचे गुण कमी होत जातात. हे तत्त्व झाले. पण किती वेगाने? किती पिढ्यांत? याचे गणित मांडावयाचे राहिले होते. १९२४ पासून हॉल्डेन यांनी ते निबंधांमागून निबंध लिहून मांडले. इंग्लंडच्या कारखान्यांच्या भागात धुरामुळे झाडे काळवंडली, तेव्हा पांढुरके पतंग पक्ष्यांच्या नजरेत भरू लागले आणि काळ्या पतंगांची संख्या वाढत गेली. ती वाढ ज्या वेगाने झाली त्यावरून काळ्या रंगाचा लाभ केवढा मोठा असला पाहिजे, हे त्यांनी कागद-पेन्सिलीने काढून दाखविले. रोनाल्ड फिशर, सीवॉल राइट आणि हॉल्डेन या तिघांनी मिळून उत्क्रांतीच्या विचाराला गणिताचा पाया घातला, असे आज मानले जाते.

हॉल्डेन हे खोलीत बसून आकडे मांडणारेच होते, असे मात्र समजू नका. वडिलांप्रमाणे तेही पहिला प्रयोग स्वतःच्या शरीरावर करीत. रक्तातील आम्लता वाढली की काय होते हे पाहण्यासाठी त्यांनी क्षार पिऊन स्वतःला धाप लावून घेतली. १९३९ साली ब्रिटिश पाणबुडी ‘थीटिस’ बुडून ९९ माणसे दगावली, तेव्हा बंद जागेतील विषारी हवेत माणसाचे काय होते हे शोधण्यासाठी ते स्वतः बंद पेटीत बसले. दाबाखालील प्रयोगांत त्यांना झटके आले, पाठीच्या मणक्यांना इजा झाली, कानाचा पडदा फाटला. दुसऱ्याच्या जिवावर शास्त्र शिकावयाचे नाही, हा त्यांचा बाणा होता.

आता आपल्या मूळ प्रश्नाकडे येऊ.

१९३३ पासून हॉल्डेन लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात प्राध्यापक होते. आनुवंशिक रोगांचा विचार करताना हंटिंग्टनच्या रोगाने त्यांचे लक्ष वेधले. हा रोग भयंकर आहे. हातपाय आपोआप वेडेवाकडे हलू लागतात, पुढे बुद्धीही ढासळते आणि काही वर्षांत रोगी मरण पावतो. आई किंवा वडील यांपैकी एकाला तो असेल तर प्रत्येक अपत्याला तो होण्याचा संभव निम्मा असतो. एवढा घातक दोष निसर्गाच्या सुपातून केव्हाच उडून जावयास हवा होता. तो टिकला कसा?

हॉल्डेन यांनी १९४१ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात याचे कारण दाखविले. हा रोग बहुधा तिशी ते पन्नाशीच्या दरम्यान डोके वर काढतो. तोपर्यंत रोग्याचे लग्न झालेले असते, मुलेबाळे झालेली असतात आणि दोष पुढच्या पिढीत पोहोचलेलाही असतो. सूप हलविण्यापूर्वीच दाणा पेरला गेला! तोच रोग दहाव्या वर्षी होत असता तर रोग्याला मुले झाली नसती आणि दोष त्याच्याबरोबरच संपला असता. म्हणजे एखादा दोष किती वाईट आहे एवढेच पुरेसे नाही. तो कोणत्या वयात प्रगट होतो, यावर निसर्ग त्याला काढून टाकतो की नाही हे ठरते. तरुणपणीच्या दोषावर निसर्गाची नजर करडी असते, उतारवयातील दोषाकडे त्याचे लक्ष नसते.

हॉल्डेन यांनी हे एका रोगाबद्दल म्हटले. त्याच कॉलेजात १९५१ साली प्राणिशास्त्राचे प्राध्यापक म्हणून आलेले पीटर मेडावार यांनी त्यातून सर्व म्हातारपणाचाच उलगडा मांडला. मेडावार यांचे वडील मूळचे लेबनॉनचे. मेडावार यांना पुढे १९६० साली दुसऱ्या एका विषयातील संशोधनासाठी नोबेल पारितोषिक मिळाले. त्यांचा विचार आपण आपल्या शेतातील उंदरांवर बसवून पाहू.

समजा, भाताच्या शेतात एक हजार उंदीर आहेत आणि ते कधीही म्हातारे होत नाहीत. पण घुबड, साप, मांजर आणि पावसाचे पाणी तर आहेच. समजा, त्यामुळे दर महिन्याला दहापैकी तीन उंदीर मरतात. मुलांनो, वही काढा आणि हिशेब करा. पहिल्या महिन्याअखेर ७०० उरतील, दुसऱ्या महिन्याअखेर ४९०, तिसऱ्याअखेर ३४३. सहा महिन्यांनी सुमारे ११८ उरतील, वर्षाने १४ आणि दीड वर्षाने एक किंवा दोन. ध्यानात घ्या, यांतील एकही उंदीर म्हातारपणाने मेलेला नाही.

आता या उंदरांत एक दोष शिरला. दीड वर्षाचा झाला की उंदीर आंधळा व्हावयाचा. या दोषाचा फटका कोणाला? हजारांतील एका-दोघांना! बाकीच्यांना तो दोष असूनही नसल्यासारखा. ते आपली पिल्ले मागे ठेवून घुबडाच्या तोंडी जातात आणि दोष पिल्लांकडे सुखरूप पोहोचतो. असे उशिरा प्रगट होणारे दोष पिढ्यान्‌पिढ्या साचत राहतात. पुढे कोणी तेच उंदीर पिंजऱ्यात ठेवून, दाणापाणी घालून, मांजरापासून वाचवून पाळले की ते दीड-दोन वर्षांचे होतात आणि साचलेले सगळे दोष एकदम बाहेर पडतात. डोळे जातात, दात जातात, गाठी होतात. यालाच आपण म्हातारपण म्हणतो.

अमेरिकेतील जॉर्ज विल्यम्स यांनी १९५७ साली यात आणखी एक भर घातली. काही गुण असे असतात की ते तारुण्यात फायदा देतात आणि त्याची किंमत उतारवयात वसूल करतात. ऋण काढून सण करणे म्हणतात, ते हेच. सण थाटात होतो. सावकार नंतर दारात उभा राहतो. निसर्ग असा सौदा पसंत करतो, कारण सण साजरा करणारे पुष्कळ असतात, पण कर्ज फेडण्याच्या दिवसापर्यंत जगणारे थोडे.

आपल्या डोंगरातील कारवी पाहा. सह्याद्रीच्या उतारांवर ती सात-आठ वर्षे नुसती वाढते. आदिवासी बांधव तिच्या काठ्यांचे कूड घालून घराच्या भिंती उभ्या करतात. एके वर्षी सारा डोंगर जांभळ्या-निळ्या फुलांनी भरून जातो, बी धरते आणि झाड वाळून जाते. जवळची सर्व पुंजी तिने एका बहरात खर्च केलेली असते. स्वतःसाठी काही शिल्लक ठेवलेले नसते.

हा सगळा केवळ तर्क नाही का, असे एखादा हुशार विद्यार्थी विचारील. विचारलेच पाहिजे. शास्त्रात तर्काला परीक्षा द्यावी लागते. हा विचार खरा असेल, तर ज्या प्राण्यांना बाहेरचा धोका कमी, ते सावकाश म्हातारे व्हावयास हवेत. उंदीर आणि लहान जातीचे वटवाघूळ आकाराने जवळजवळ सारखे. उंदीर सांभाळून ठेवला तरी दोन-तीन वर्षे जगतो. वटवाघूळ उडून जाऊ शकते, अंधाऱ्या कपारीत लपून राहते. त्याच्या काही जाती वीस-तीस वर्षे जगतात. पाठीवर कवच घेऊन फिरणारे कासव तर दीर्घायुष्यासाठी प्रसिद्धच आहे. अमेरिकेच्या किनाऱ्याजवळील सापेलो बेटावर ओपोसम नावाच्या प्राण्याला शिकारी जनावरांचे भय फारसे नाही. तेथील ओपोसम मुख्य भूमीवरील आपल्या भाऊबंदांपेक्षा सावकाश म्हातारे होतात, असे १९९३ साली स्टीव्हन ऑस्टॅड यांनी दाखविले.

प्रयोगशाळेतही परीक्षा झाली. पिकलेल्या केळ्यावर घोंगावणारी बारीक माशी तुम्ही घरी पाहिली असेल. १९८० च्या दशकात मायकेल रोझ यांनी अशा माश्यांच्या काही वंशांत पिढ्यान्‌पिढ्या उतारवयात घातलेली अंडीच पुढे वाढविली. म्हणजे उतारवयातील दोषालाही सुपात यावे लागले. त्या माश्यांचे वंशज अधिक जगू लागले. मात्र तरुणपणी ते कमी अंडी घालू लागले. सावकाराचा हिशेब येथेही चुकला नाही. हॉल्डेन यांचे शिष्य जॉन मेनार्ड स्मिथ यांनी तर १९५८ सालीच दाखविले होते की, अंडकोश नसलेल्या माश्या अंडी घालणाऱ्या माश्यांपेक्षा जास्त जगतात. हे मेनार्ड स्मिथ आधी विमानांचे इंजिनिअर होते. शाळेत असताना हॉल्डेन यांचे निबंध वाचून त्यांना जीवशास्त्राची ओढ लागली आणि नोकरी सोडून ते हॉल्डेन यांच्या वर्गात येऊन बसले. शाळेच्या ग्रंथालयातील एक पुस्तक काय करू शकते, ते पाहा!

या विचाराने एक जुनी समजूत मोडीत निघाली. एकोणिसाव्या शतकातील काही विद्वानांना वाटे की, म्हाताऱ्यांनी तरुणांसाठी जागा रिकामी करावी म्हणूनच निसर्गाने म्हातारपण निर्माण केले. वरवर हे पटते. पण म्हातारे निरुपयोगी का, तर ते थकलेले असतात म्हणून. आणि ते थकतात का, तर निरुपयोगी असतात म्हणून! हा वर्तुळात फिरणारा युक्तिवाद झाला. म्हातारा माणूस जागा अडवितो म्हणून निसर्ग त्याला थकवितो, असे नाही. जंगलात इतके थोडे जीव त्या वयापर्यंत पोहोचतात की निसर्गाने त्या वयाची तजवीजच केलेली नाही. आजी-आजोबांचे थकणे ही त्यांची चूक नाही, त्यांना मिळालेली शिक्षा नाही आणि तरुणांच्या सोयीसाठी केलेली योजनाही नाही.

आता हॉल्डेन यांच्या भारतातील जीवनाकडे वळू. १९५७ साली, जेव्हा माणसे निवृत्तीची भाषा बोलू लागतात त्या वयात, त्यांनी लंडनची मानाची प्राध्यापकी सोडली आणि पत्नी हेलन स्पर्वे यांच्यासह ते कलकत्त्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेत दाखल झाले. प्रशांतचंद्र महालनोबिस यांनी त्यांना तेथे बोलाविले होते. पायमोजे घालण्याचा कंटाळा आला म्हणून भारतात आलो, असे ते गमतीने सांगत. त्यांनी धोतर-कुडता अंगावर घेतला, मांसाहार सोडला आणि १९६१ साली भारताचे नागरिकत्व घेतले. मतभेदांमुळे कलकत्त्याची संस्था सोडावी लागली, तेव्हा परत न जाता त्यांनी १९६२ साली, सत्तरीच्या उंबरठ्यावर, भुवनेश्वरला नवी प्रयोगशाळा सुरू केली.

आपल्या मराठी मुलखाशीही त्यांचे धागे जुळलेले आहेत. एका गुणसूत्रावर दोन जनुके एकमेकांपासून किती अंतरावर आहेत, हे काढण्याचे एक सूत्र हॉल्डेन यांनी १९१९ साली दिले. त्यात सुधारणा करणारे दुसरे सूत्र १९४४ साली दिले ते गोव्यात जन्मलेल्या आणि तेव्हा पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात गणित शिकविणाऱ्या दामोदर धर्मानंद कोसंबी यांनी. हेच कोसंबी त्यापूर्वी काही काळ अलीगढ मुस्लिम विद्यापीठात शिकवीत होते. आज जगातील कोणत्याही आनुवंशशास्त्राच्या विद्यार्थ्याला हॉल्डेनचे सूत्र आणि कोसंबीचे सूत्र ही दोन्ही शेजारी शेजारी शिकावी लागतात. १९५९ साली मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात हॉल्डेन यांचा एक लेख आला. पक्ष्यांना न मारता त्यांचा अभ्यास कसा करता येईल, हा त्याचा विषय होता.

गरीब देशातील तरुणांनी महागड्या यंत्रांची वाट पाहत बसू नये, हा त्यांचा आग्रह होता. डोळे उघडे ठेवा, मोजा, लिहून ठेवा. त्यांचे एक सहकारी रोज पारिजातकाच्या फुलांच्या पाकळ्या मोजत. सगळ्या फुलांना पाकळ्या सारख्या नसतात. मग कोणत्या झाडाला, कोणत्या महिन्यात किती? दुसऱ्या एका सहकाऱ्याने हेलन यांच्यासह माळटिटवीची घरटी न्याहाळून निबंध लिहिले. शहापूर-मुरबाडच्या कोणत्या गावात पारिजातक नाही? कोणत्या माळावर टिटवी ओरडत नाही? आमच्या मुलांजवळ प्रयोगशाळा नसेल, पण विषय तर दाराशी पडलेले आहेत.

मोठ्या माणसाचे दोषही सांगावेत, म्हणजे चरित्र खरे होते. हॉल्डेन साम्यवादी पक्षात होते. सोव्हिएत रशियात लायसेंको नावाच्या इसमाने सत्तेच्या जोरावर खऱ्या आनुवंशशास्त्राची गळचेपी केली. निकोलाय व्हॅव्हिलॉव्हसारखा थोर शास्त्रज्ञ १९४३ साली तुरुंगात मरण पावला. अशा वेळी हॉल्डेन यांनी स्पष्ट निषेध करावयास हवा होता. तो त्यांनी वेळेवर केला नाही. पक्षावरील निष्ठा सत्याच्या आड आली. स्वभावानेही ते तापट होते.

१९६३ साली त्यांना मोठ्या आतड्याचा कर्करोग झाल्याचे निदान झाले. लंडनला शस्त्रक्रिया झाली. इस्पितळातील अंथरुणावर त्यांनी आपल्याच रोगावर एक विनोदी कविता लिहिली. तिच्यामागचा हेतू मात्र गंभीर होता. रक्त पडू लागले तर लाजू नका, लपवू नका, वेळेवर डॉक्टरकडे जा, हे त्यांना लोकांना सांगावयाचे होते. वय वाढते तसा कर्करोग अधिक आढळतो. उतारवयातील ज्या दोषांकडे निसर्गाचे लक्ष नसते असे त्यांनी दाखविले होते, त्यांतील एकानेच त्यांना गाठले. १ डिसेंबर १९६४ रोजी भुवनेश्वर येथे, वयाच्या ७२ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. त्यांच्या इच्छेनुसार त्यांचा देह काकिनाड्याच्या रंगराय वैद्यकीय महाविद्यालयास विद्यार्थ्यांच्या शिक्षणासाठी देण्यात आला. त्यांच्याबरोबर उंदीर पाळणारी बहीण नेओमी पुढे नामवंत लेखिका झाली आणि १०१ वर्षे जगून १९९९ साली वारली. एकाच घरातील भावाबहिणीच्या आयुष्यात एवढे अंतर! नैसर्गिक निवडीचे गणित लाखो जीवांचा कल सांगते. एकट्या माणसाचे भविष्य ते वर्तवीत नाही.

वाचकहो, या सर्वांतून आपणांस काय मिळते?

स्वातंत्र्य मिळाले त्या सुमारास भारतीयांचे सरासरी आयुर्मान अवघे ३२ वर्षांच्या आसपास होते. लहान मुलेच फार दगावत. देवी, पटकी, हिवताप, बाळंतपणातील मृत्यू हीच आपली घुबडे आणि साप होती. लस, स्वच्छ पाणी, औषधे आणि शिक्षण यांनी ती दूर सारली आणि आज सरासरी आयुर्मान सत्तरीच्या घरात पोहोचले आहे. म्हणूनच आज खेड्यापाड्यांत मधुमेह, रक्तदाब, मोतीबिंदू यांचे रुग्ण इतके दिसतात. आपल्या वाडवडिलांची प्रकृती आपल्याहून चांगली होती म्हणून त्यांना हे रोग नव्हते, असे सरसकट म्हणता येणार नाही. त्यांच्यापैकी पुष्कळांना त्या वयापर्यंत पोहोचताच आले नाही. म्हातारपण ही माणसाने मोठ्या कष्टाने मिळविलेली कमाई आहे. निसर्गाने त्याची तरतूद केलेली नाही, म्हणून ती आपल्याला करावी लागते.

विल्यम्स यांनीच आणखी एक गोष्ट सुचविली होती. बाईला ठराविक वयानंतर मूल होत नाही, तरी ती पुढे कितीतरी वर्षे जगते. झालेली मुले नीट वाढविणे हे नवे मूल होण्यापेक्षा अधिक मोलाचे ठरले असावे, हे त्याचे एक कारण शास्त्रज्ञ मानतात. पुढील अभ्यासकांनी यात आजीचाही वाटा मोजला. नातवाला भरविणारी, त्याच्या उशाशी रात्र काढणारी नानी किंवा दादी निसर्गाच्या हिशेबातही वजन ठेवून आहे.

तेव्हा पालकहो, घरातील वडीलधाऱ्यांना कमी दिसू लागले तर वयच झाले असे म्हणून गप्प बसू नका. मोतीबिंदूची शस्त्रक्रिया आता तालुक्याच्या माणसालाही अवघड राहिलेली नाही. आई-वडिलांना व आजी-आजोबांना कोणते रोग झाले, कोणत्या वयात झाले, याची नोंद घरात ठेवा व डॉक्टरांस सांगा. उशिरा प्रगट होणारा दोष घराण्यात असेल तर तो आधीच ओळखण्याचा हाच मार्ग आहे. तारुण्य परत देणाऱ्या गोळ्या आणि चूर्णे विकणाऱ्यांपासून दूर राहा. म्हातारपण हा एका बिघाडाचा परिणाम नाही. ते अनेक दोषांचे साचलेले ओझे आहे; एका पुडीने ते उतरणार नाही.

आणि विद्यार्थी मित्रहो, तुम्हाला एक काम. तुमच्या वाडीत किती माणसे साठीच्या पुढची आहेत ते मोजा. त्यांना किती भावंडे होती आणि त्यांतील किती जण लहानपणीच गेली, हे त्यांच्याजवळ बसून विचारा आणि वहीत लिहा. हॉल्डेन यांना हवे होते तसे ते तुमचे पहिले संशोधन होईल. त्या निमित्ताने तुम्ही तासभर त्यांच्याजवळ बसाल, हा लाभ वेगळाच.